प्रवाशाचं एकोणिसावं पत्र

बाबांच्या कादंबरीतला प्रवासी तीस वर्षांचा होता, अविवाहित होता, आणि त्याचे दोन्ही गुडघे दुखत होते.

"बाबा, तिशीतल्या माणसाला जिना चढताना कठडा धरावा लागत नाही," मी टाइप करता करता म्हटलं.

"पडला असेल लहानपणी," बाबा म्हणाले. "तू टाइप कर. साक्षीदाराची उलटतपासणी टायपिस्टनं करायची नसते."

हे संभाषण इंग्लंडातल्या रीडिंग शहरात, आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर चालायचं. बाबा नागपूरच्या न्यायालयात लघुलेखक होते. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं, त्यात स्वतःचा एक शब्द घातला नाही, आणि निवृत्त होऊन बारा वर्षं झाल्यावर त्यांना कादंबरी लिहायची हुक्की आली, तीही माझ्या घरी. एप्रिलमध्ये ते सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, मला रेघांचे कागद आण, डाव्या बाजूला समास असलेले. मी आणले. तर म्हणाले, समास फार अरुंद आहे.

कादंबरी पत्रांची होती. एक प्रवासी नागपूरहून इंग्लंडला येतो आणि घरच्या गावी राहिलेल्या स्नेह्याला लिहितो, की इथली माणसं कशी राहतात, काय खातात, कशाला हसतात. स्नेही उत्तर पाठवतो आणि शंका काढतो. दोघांची पत्रं अर्थातच बाबा लिहायचे. पण प्रवाशाचं पत्र लिहून झालं की उत्तर लगेच लिहायचे नाहीत. मध्ये चार दिवस जाऊ द्यायचे. का, तर टपालाला वेळ लागतो.

"तुमचा प्रवासी ईमेल का करत नाही?" मी एकदा विचारलं.

"ईमेलची कोणी वाट पाहतं का?" बाबा म्हणाले.

त्यांचा नियम एकच होता. पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. 'मला वाटलं' असं म्हणणाऱ्या साक्षीदाराला वकील कसा सोलून काढतो, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. त्यामुळे रोज सकाळी ते खिशात छोटी वही घालून बाहेर पडायचे आणि दुपारी पुरावा गोळा करून परत यायचे. वहीत कोणाचंही नाव नव्हतं. इंग्रजी नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून खटल्याला असतो तसा प्रत्येकाला नंबर दिलेला, घराचाच. समोरची नर्स सदतीस नंबर, कोपऱ्यावरची कुत्रेवाली एकावन्न नंबर, आणि आमच्या घराला घर लागून असलेले म्हातारे शेजारी बेचाळीस नंबर.

"येथे तुम्ही कोणाच्या पायावर पाय दिला, तर माफी तो मागतो," प्रवाशानं तिसऱ्या पत्रात लिहिलं. "मी तीनदा खात्री करून घेतली."

मी टाइप करायची थांबले. "तीनदा?"

"पहिल्यांदा चुकून. नंतर दोनदा पुराव्यासाठी."

"बाबा, तुम्ही बसमध्ये लोकांच्या पायांवर मुद्दाम पाय देत फिरताय?"

"हळू दिला," बाबा म्हणाले.

पाचव्या पत्रात 'यू ऑलराइट?' आलं. इथे दुकानात, बसमध्ये, फाटकापाशी जो तो विचारतो की तुम्ही बरे आहात ना, आणि उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. बाबा मात्र थांबायचे. सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, तेव्हा त्यांनी तिला दोन्ही गुडघ्यांचा पूर्वेतिहास सांगितला. मागे रांग लागली होती. रांगेतला एक माणूस खोकला, दुसऱ्यानं छताकडे पाहिलं, पण कुरकुर कोणी केली नाही. "येथील माणसे राग खोकून व्यक्त करतात," प्रवाशानं लिहिलं. मी म्हटलं, असं काही नाही, तो माणूस खरंच आजारी असेल. आठ वर्षं इथे राहून मी नकळत इंग्लंडची सरकारी वकील झाले होते. बाबा काही म्हणाले की माझं आपलं तयारच, नाही बाबा, तसं नसतं, त्यांच्यात तशी पद्धत आहे.

बाकांचं पत्र मात्र मला फार आवडलं. नदीकाठच्या बाकांना इथे दिवंगत माणसांच्या नावांच्या पट्ट्या असतात. मी त्यांच्या शेजारून शंभर वेळा चालत गेले असेन, एकही वाचली नव्हती. बाबांनी सगळ्या वाचल्या. "अमकीला येथून बदके बघायला आवडत असे, असे लिहून ठेवतात, आणि त्या बाकावर बसून भलतीच माणसे सँडविच खातात. आपण गेलेल्याच्या नावाने पान वाढून कावळ्याची वाट पाहतो. हे लोक बाक ठेवतात आणि येईल त्याला बसू देतात. यातले बरे कोणते, ते मला ठरवता आले नाही. मी अर्धा तास बसून पाहिले. बाक टणक आहे."

या पत्राला चार दिवसांनी उत्तर आलं, म्हणजे बाबांनी लिहिलं. "बाकांचे कळले. पण ती सँडविच कशाची होती? त्यात तिखट काही घालतात की नाही? आणि तुम्ही अर्धा तास उन्हात बसलात, तेव्हा डोक्यावर टोपी होती का? सगळ्या जगाचे लिहिता आणि कामाचे तेवढे गाळता."

माझी बोटं कीबोर्डवर थांबली.

बाबा कोर्टातून आले की आईला त्या दिवसाचा खटला सांगायचे. खून असो, दरोडा असो, आई शांतपणे भाजी निवडत ऐकायची आणि शेवटी विचारायची, 'ते जाऊ द्या, ती साक्षीला आलेली बाई जेवली होती का?' बाबा चिडायचे. हा प्रश्न कोर्टात कोणी विचारत नाही म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे की नव्हती जेवली, मी चौकशी केली.

स्नेह्याची आतापर्यंतची सगळी उत्तरं मी मनातल्या मनात परत वाचली. पडद्यांचा रंग विचारणारं, शेजारीण दही कशात लावते ते विचारणारं. मला कळलं की बाबा कोणाला पत्रं लिहिताहेत आणि उत्तरासाठी चार दिवस का थांबताहेत. बाबा खिडकीबाहेर बघत होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी टाइप करत राहिले.

आई आदल्या नोव्हेंबरात गेली होती. तेव्हा माझा व्हिसाचा अर्ज निर्णयाच्या वाटेवर होता, आणि निर्णयाआधी देश सोडला की अर्ज बाद. मी एकुलती एक. चुलतभावानं फोन धरला आणि मी सोफ्यावर बसून सगळं पाहिलं. त्या दिवशी नवरा घरी थांबला, दुसऱ्या दिवशी त्याला मेडनहेडच्या ऑफिसात जावंच लागलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तिघी मैत्रिणींनी विचारलं, येऊ का गं? मी लिहिलं, नको, आय ॲम फाइन. त्यांनीही मग, स्पेस देऊ या तिला, असं ठरवलं असणार. त्यांना मी दोष देत नाही. पण तेरा दिवस माझ्या दाराची घंटा फक्त पार्सलवाल्यानं वाजवली. बाबा आले तरी आम्ही दोघं आईबद्दल बोललो नाही. ते विचारायला घाबरत होते आणि मी सांगायला.

बाबांची इथे खरी ओळख झाली ती बेचाळीस नंबरशीच. ते सत्तरीच्या पुढचे होते, पूर्वी रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचे. रोज दहा वाजता ते त्यांच्या बाजूनं कुंपणापाशी यायचे आणि बाबा आमच्या बाजूनं. बाबांचं इंग्रजी कोर्टातलं. जुलैत पहिल्यांदा बेचाळीस नंबरनी कुंपणावरून शेंगांची पिशवी दिली, श्रावणघेवड्याचे दांडगे भाऊ शोभतील अशा हातभर लांब शेंगा, तेव्हा बाबा म्हणाले, "आय ॲम मच ऑब्लाइज्ड, सर." बेचाळीस नंबरना ते इतकं आवडलं की तेही बाबांना सर म्हणायला लागले. बाबांनी कुंडीतली मेथी दिली. ती कशी करायची, हे न विचारता त्यांनी ती कच्चीच चीजबरोबर ब्रेडमध्ये घालून खाल्ली आणि छान होती म्हणून सांगितलं. हे सगळं पत्रांत गेलं.

त्यांची बायको मागच्या खिडकीत चाकाच्या खुर्चीत बसलेली असायची. तिचा एक हात चालत नव्हता. बाबा रोज कुंपणातून तिला नमस्कार करायचे. जूनमध्ये कधीतरी तिनं उलट नमस्कार केला, एकाच हातानं, तो छातीशी उभा धरून. बाबा त्या दिवशी घरात आले ते मला हाक मारतच.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी अकरा वाजता शेजारी काळी गाडी आली. दोन माणसं काळ्या सुटात उतरली आणि टोपी काढून आत गेली. मागच्या खिडकीतली चाकाची खुर्ची रिकामी होती. मी घरूनच काम करत होते. बाबा जिन्यावरून खाली आले ते पांढरा सदरा घालूनच.

"कुठे निघालात?"

"भेटायला."

"बाबा, नाही. इथे असं जात नाहीत. त्यांना प्रायव्हसी लागते. कार्ड टाकायचं असतं."

"कार्ड?" बाबा म्हणाले. "वाढदिवसाचं टाकतात तसं?"

मी लिलीची फुलं असलेलं कार्ड आणलं. छापील मजकुराखाली दोन ओळी लिहिल्या. आम्ही तिघांनी सह्या केल्या, बाबांनी निकालपत्राखाली करावी तशी लांबलचक. मी कार्ड दाराच्या फटीतून आत सरकवलं, ते पडल्याचा आवाज ऐकला आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी आले. बाबा पायरीवर उभे होते. "तो माणूस एकटा बसला असेल न गं आत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. बाबा काय करणार, हे खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं.

मला ते कळलं दोन दिवसांनी, संध्याकाळी कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवताना. बेचाळीस नंबर त्यांचा बिन ढकलत आले. स्वेटर नीट होता, दाढी केलेली होती. मी सॉरी फॉर युअर लॉस म्हटलं, त्यांनी कार्डाबद्दल आभार मानले. मग म्हणाले, "तुमचे वडील बरे आहेत ना?"

"हो. का?"

"माफ करा हं, विचारतोय म्हणून. परवा ते आले. दारात एक शब्द बोलले नाहीत. आत आले, दाराजवळच्या खुर्चीत बसले. मी चहा टाकतो म्हटलं, त्यांनी मान हलवली. कॉफी? मान हलवली. पाणीही नको. मग मीच बोलत राहिलो, कोणीतरी बोलायला हवं म्हणून. ते जमिनीकडे बघत होते. चाळीस मिनिटांनी उठले आणि निघून गेले. गुडबाय नाही, काही नाही." ते बिनच्या झाकणाकडे बघत होते. "माझ्या बायकोला ते फार आवडायचे. मला वाटलं होतं, तिच्याबद्दल दोन शब्द बोलतील. माझं काही चुकलं का?"

मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्या वर्षांची सरकारी वकील मी, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर, "इट्स अ कल्चरल थिंग."

"राइट," ते म्हणाले. हा इंग्रजी राइट ज्यानं ऐकलाय त्याला माहीत आहे, त्याच्यानंतर बोलणं नसतं.

घरात येऊन मी बाबांवर भडकले. मी सांगितलं होतं ना जाऊ नका म्हणून! माणूस चहा देतोय, इथे चहाला नाही म्हणणं म्हणजे काय असतं माहीत आहे का तुम्हाला? दु:ख झालं की हे लोक दुसरं काही करत नाहीत, चहा करतात!

"सुतकाच्या घरी चहा कसा घेणार मी?"

"त्यांना सुतक नसतं, बाबा!"

"मेलं तर होतं न कोणी?" बाबा म्हणाले.

"निदान निघताना काही बोलायचं. बाय म्हणायचं."

"अशा घरून निघताना 'येतो' म्हणतात का? पुन्हा अशाच कामाला येतो म्हणायचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "आणि बोलायसारखं काय होतं? काहून बोलायचं? बसायचं असतं."

सगळं मला माहीत होतं. लहानपणी आईचा पदर धरून मी अशा घरांमध्ये गेलेले आहे. कोणी चहा विचारत नाही, कोणी मागत नाही, सतरंजीवर बसायचं, आणि मनासारखं बसून झालं की न सांगता उठायचं. कोणी दारापर्यंत सोडायला येत नाही. मला माहीत होतं, फक्त ते इंग्लंडात लागू असेल असं वाटलं नव्हतं. आणि बेचाळीस नंबरच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचंही खरं होतं. बायको गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एक मित्र घरी येतो आणि चाळीस मिनिटं तोंड शिवून बसतो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाबा कुंपणापाशी गेले. पलीकडे कोणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शेंगा वेलावरच राहिल्या, जाड झाल्या, आत दाणे फुगलेले बाहेरून दिसायला लागले. बाबा पंधरा मिनिटं उभे राहायचे आणि आत यायचे. वहीत काही लिहायचे नाहीत. त्यांच्या जाण्याला महिना राहिला होता. इंग्लंडात मिळवलेला एकुलता एक मित्र गमावून ते नागपूरच्या रिकाम्या घरात परत जाणार, हे मला दिसत होतं आणि त्यावर काय करायचं ते सुचत नव्हतं. तेव्हा मला सगळ्यात जास्त राग माझाच आला होता. आधी अडवलं, मग रागावले, आणि मधल्या वेळात त्या माणसाला एक सरळ वाक्य समजावून सांगता आलं नाही.

अंत्यसंस्कार तीन आठवड्यांनी आहे, हे सदतीस नंबरच्या नर्सनं सांगितलं. बाबांना ते खरं वाटेना. "तीन आठवडे? मग तोवर घरचे लोक काय करतात?"

"कामं करतात. फॉर्म भरतात. चहा पितात."

त्यांनी वही काढली. बऱ्याच दिवसांनी.

एकोणिसावं पत्र लिहायला त्यांना दोन दिवस लागले, आणि त्याचं उत्तर नेहमीप्रमाणे चार दिवसांनी आलं. शनिवारी सकाळी त्यांनी दोन्ही माझ्यासमोर ठेवली आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाले.

"बेचाळीस नंबरकडे गेलो होतो," प्रवाशानं लिहिलं होतं. "आपण जातो तसाच गेलो. त्यांच्या स्वेटरची बटणे एक घर चुकलेली होती. एका हाताची बायको होती, पण बटणे बरोबर आहेत की नाहीत ते तीच बघत असणार. खिडकीतली खुर्ची तशीच होती, पाठीवर शाल होती. शेल्फावर सतरा कार्डे उभी होती, सगळ्यांवर फुले. माणूस एकही नव्हता. त्यांनी चहा विचारला. मी घेतला नाही. ते बोलत होते, मी ऐकत होतो. त्यांनी सांगितले की ती सिग्नलच्या केबिनमध्ये डबा घेऊन यायची. मी उतरवून घेतल्यासारखे सगळे ऐकले, एक शब्द सुटू दिला नाही. मग उठलो. येतो म्हटले नाही. बाहेरच्या नळावर पाय धुऊन घरात आलो. त्या दिवसापासून ते कुंपणाशी येत नाहीत. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे मी त्यांना दुखावले. मी तर सोबत करायला गेलो होतो."

अविवाहित प्रवाशाला मुलगी कुठून आली, असं माझ्या मनात आलं आणि मी हसले. मग उत्तराचा कागद घेतला.

"चहा घेतला नाही ते बरोबर केले. पण त्यांना कोणी सांगितले का, की आपल्यात असेच असते? न सांगता कसे कळावे? तुम्ही कोर्टात दुसऱ्याचे लिहून घेतलेत, आपले सांगायची सवय तुम्हाला नाहीच. आणि एक विचारायचे आहे, बरेच दिवस विचारीन म्हणते. मी गेले तेव्हा तुमच्याकडे घर भरून माणसे होती. पोरीजवळ कोण बसले होते?"

मी खुर्चीतून उठले आणि मागच्या बागेत गेले. थोडा वेळ तिथेच उभी होते. मग आत आले आणि ते पत्र टाइप करायचं सोडून इंग्रजीत करायला बसले.

दिवसभर लागला. 'भेटायला जाणं' याला शब्द सापडेना. शेवटी साधं लिहिलं, की आमच्यात घरी कोणी गेलं की आम्ही जाऊन बसतो. चहा का घेत नाहीत ते लिहिलं, येतो का म्हणत नाहीत ते लिहिलं. बटणांचं वाक्य काढून टाकावंसं वाटलं. नाही काढलं. उत्तराचं पत्रही भाषांतर केलं, पोरीचा प्रश्नसुद्धा, आणि वर एक ओळ लिहिली: हे माझ्या वडिलांच्या कादंबरीतलं आहे, आणि यातलं उत्तर लिहिणारी माझी आई आहे, ती नोव्हेंबरात गेली. बाबांना न विचारता पाकीट शेजारच्या दारातून आत टाकलं. टाकल्याबरोबर वाटलं, भलतंच केलं. माणसाचं दु:ख वहीत टिपून घेणारा शेजारी, हे कळून तो आणखीनच दुखावला तर?

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मी बाबांना सांगून टाकलं.

त्यांनी हातातली वही मिटून खिशात घातली. "नक्कल दिलीस तू," मग म्हणाले. "काही गाळलं?"

"नाही."

"बटणं?"

"आहेत."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. पण त्या दिवशी ते कुंपणापाशी गेले नाहीत.

अंत्यसंस्काराच्या दिवशी बाबा पांढरा सदरा घालून फाटकाशी उभे राहिले. काळी गाडी अगदी चालण्याच्या वेगानं गेली, पुढे एक माणूस उंच टोपी घालून पायी. बाबांनी हात जोडले. मागच्या गाडीतून बेचाळीस नंबरनी आमच्याकडे पाहिलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. काचेवर झाडांची सावली होती.

बाबांचं विमान बुधवारी होतं. आधीच्या रविवारी दुपारी हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि मी वजनकाट्यावरून त्यांच्याशी भांडत होते, तेवढ्यात घंटा वाजली. इथे आधी मेसेज केल्याशिवाय कोणी कोणाकडे येत नाही, म्हणून पार्सल असेल असं समजून मी दार उघडलं.

बेचाळीस नंबर होते. काळा कोट, टाय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. हॅलो म्हणायचं त्यांनी गिळलं, ते मला त्यांच्या गळ्याशी दिसलं. मग खाली वाकून, भिंतीला हात टेकत त्यांनी बूट काढले आणि ते आमच्या चपलांच्या रांगेत नीट लावून ठेवले.

आत येऊन ते दाराजवळच्या खुर्चीत बसले. समोर शेल्फावर आईचा फोटो होता. बाबा बॅगेपासून उठून सोफ्यावर बसले. माझा हात सवयीनं किटलीकडे गेला, आणि बाबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी किटली सोडली आणि कार्पेटवर बसले, बाबांच्या पायांशी.

कोणी काही बोललं नाही. ते त्यांच्या हातांकडे बघत होते, मोठे, नखांत माती असलेले हात. एकदा त्यांनी मान वर करून आईच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाबांकडे नाही. माझ्याकडे. तेव्हा मला कळलं की ते बाबांसाठी आलेले नाहीत, आणि मी रडायला लागले. अकरा महिन्यांचं रडू होतं, आवाज करून आलं. त्यांनी सॉरी म्हटलं नाही, टिशूचा डबा शोधला नाही, इट्स ओके म्हटलं नाही. ते बसून राहिले. बाबांचा हात माझ्या डोक्यावर होता.

किती वेळ ते मी पाहिलं नाही. मग ते उठले. बूट घालायला त्यांना वेळ लागला, नाड्या दोनदा सुटल्या. दारात ते थांबले, पाठ आमच्याकडे. आयुष्यभर माणूस कोणत्याही दारातून बाहेर पडताना थँक्यू आणि गुडबाय म्हणत आलेला. खांदे जरा वर झाले आणि खाली आले. ते काही न बोलता गेले. आम्ही सोडायला उठलो नाही. दार उघडंच राहिलं.

सोमवारी दहा वाजता ते कुंपणापाशी होते. बाबाही गेले. जून झालेल्या शेंगांतलं बी त्यांनी कागदात बांधून बाबांना दिलं. ते बी नागपूरला येईल की नाही, यावर दोघांची बरीच चर्चा झाली. मला फक्त 'मच ऑब्लाइज्ड' ऐकू आलं.

मंगळवारी बाबांनी माझ्यासमोर विसावं पत्र ठेवलं. चारच ओळी होत्या, समास सोडून नीट लिहिलेल्या.

"तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. पोरीजवळ बेचाळीस नंबर बसले होते. चहा दिला नाही. मी तिथेच होतो, पाहिले ते लिहीत आहे."